वॉल्डनचे बर्फ आणि तक्त्यातला एक रकाना: पर्यावरण अभ्यासक्रमातील प्रकल्प नोंदी

८ जानेवारी

या सत्रात पर्यावरण अभ्यासाच्या वर्गात साहित्याचे आणि संख्याशास्त्राचे विद्यार्थी एकत्र बसतात, म्हणून प्रकल्पही दोघांना मिळूनच करावा लागेल असा ठेवला आहे. एक पुस्तक नीट वाचायचे, त्यात निसर्गाविषयी मोजता येण्यासारखे जे असेल ते वेगळे काढायचे आणि नंतरच्या काळातील नोंदींशेजारी ठेवून काय दिसते ते पाहायचे, एवढीच आखणी आहे.

पुस्तक अमेरिकन लेखक हेन्री डेव्हिड थोरोचे ‘वॉल्डन’, त्याच नावाच्या तळ्याकाठच्या त्याच्या वास्तव्याविषयीचे. ते १८५४ साली प्रसिद्ध झाले असल्याने स्वामित्वहक्काचा प्रश्न येत नाही, आणि मजकूर प्रोजेक्ट गुटेनबर्गवर साध्या टेक्स्ट फाइलच्या रूपात विनामूल्य मिळतो. शिवाय थोरो जमीनमोजणीची कामे करीत असे, त्यामुळे त्याच्या गद्यात मोजमापे जागोजागी सापडतात. मॅसॅच्युसेट्समधील कॉनकॉर्डजवळच्या या तळ्याची खोली त्याने १८४६ च्या आरंभी, बर्फ फुटण्यापूर्वी, होकायंत्र, साखळी आणि खोली मोजायची दोरी घेऊन शंभराहून अधिक ठिकाणी मोजली आणि सर्वांत खोल जागा १०२ फूट भरल्याचे लिहिले. साहित्यकृती आणि मोजणीवही यांची अशी सरमिसळ असलेला मजकूर वर्गासाठी सहसा मिळत नाही.

असाच प्रकल्प घेऊ पाहणाऱ्या शिक्षकांसाठी या नोंदी ठेवीत आहे. काम कुठे अडले आणि ते कसे सुटले, एवढेच त्यांत असेल.

११ जानेवारी

पहिला अडथळा फाइलमध्येच होता. गुटेनबर्गवरील २०५ क्रमांकाच्या फाइलमध्ये ‘वॉल्डन’ संपल्यावर त्याच लेखकाचा सविनय कायदेभंगावरील निबंध जोडलेला आहे, आणि आगेमागे संकेतस्थळाचा परवान्याचा मजकूरही आहे. एका गटाने फाइल जशीच्या तशी मोजायला घेतली. सरकार, कर आणि तुरुंग हे शब्द पुस्तकाच्या शेवटी अचानक वर आलेले पाहून त्यांनी ‘थोरो शेवटी राजकारणाकडे वळतो’ असा निष्कर्षही लिहून टाकला होता. पुस्तक हातात धरून शेवटचे पान पाहिले असते, तर ही वेळ आली नसती.

दुसरा अडथळा प्रकरणे पाडताना आला. पुस्तकात १८ प्रकरणे आहेत. प्रकरणाचे नाव दिसले की तेथे फाइल तोडायची, असा कोड लिहिला होता. पण सर्व नावे आरंभीच्या अनुक्रमणिकेतही असल्याने प्रत्येक प्रकरण दोनदा सापडले आणि पहिली अठरा रिकामी निघाली. अनुक्रमणिका हाताने काढून टाकली आणि काम पुढे सरकले. यावर कोडमध्ये शहाणपणा करण्यात दोघांची संध्याकाळ गेली होती, वास्तविक कात्रीचे काम होते.

१८ जानेवारी

शब्दमोजणी. बर्फ, तळे, पाऊस आणि वसंत यांचे इंग्रजी शब्द प्रकरणागणिक किती वेळा येतात, याचे आलेख आज वर्गात लावले. दिसायला सुंदर होते आणि जवळजवळ सगळे चुकीचे होते.

पावसाचा शब्द ‘साउंड्स’ या प्रकरणात उसळलेला दिसत होता. संख्याशास्त्राच्या गटाला त्यात काही वावगे वाटले नाही. ते प्रकरण वाचलेल्या एका विद्यार्थिनीला मात्र वाटले, कारण त्या प्रकरणात तळ्याजवळून जाणारी आगगाडी आहे, पाऊस नव्हे. ‘रेन’ची चारही अक्षरे ‘ट्रेन’च्या स्पेलिंगमध्ये जशीच्या तशी बसतात, आणि कोड शब्द न शोधता अक्षरांची रांग शोधत होता. तीच गत ‘आइस’ची: किंमत, दोनदा, आवाज आणि दखल यांसाठीचे इंग्रजी शब्द त्याच तीन अक्षरांनी संपतात, त्यामुळे हिशेबाने भरलेले ‘इकॉनॉमी’ हे पहिले प्रकरण आमच्या आलेखात भर हिवाळ्यातले ठरले होते. ‘पॉन्ड’ हा शब्द ‘रिस्पॉन्ड’च्या पोटातही सापडतो.

शब्दसीमेची खूण घातल्यावर हे थांबले. त्यानंतर लक्षात आले की ‘इकॉनॉमी’ इतर कोणत्याही प्रकरणापेक्षा पुष्कळ मोठे असल्याने कुठलाही शब्द तेथे जास्त भरतो. म्हणून दर हजार शब्दांमागे प्रमाण काढले. ‘स्प्रिंग’ या शब्दावर मात्र कोडचा कोणताही उपाय चालत नाही, कारण तो ऋतू, झरा आणि उडी या तिन्ही अर्थांनी येतो. शेवटी त्याची प्रत्येक ओळ मागच्यापुढच्या काही शब्दांसह छापून काढली आणि साहित्याच्या गटाने पेन्सिलीने वर्गवारी केली. हे काम कंटाळवाणे आहे. तरी पुढच्या वेळी मी ते सर्वांत आधी करून घेईन, कारण त्या कागदांवर खुणा करताना संख्याशास्त्राच्या मुलांनी पुस्तकाची वाक्ये पहिल्यांदा वाचली.

२५ जानेवारी

कामाची वाटणी मोडून काढली. आतापर्यंत साहित्याचा गट वाचून आकडे काढून देत होता आणि दुसरा गट ते तक्त्यात भरीत होता. बाहेरून हे सोयीचे दिसते. प्रत्यक्षात आकडे भरणाऱ्याला ते कुठून आले ते ठाऊक नसते आणि आकडे काढणाऱ्याला त्यांचे पुढे काय झाले ते कळत नाही. आता प्रत्येक जोडीत दोन्हीकडचा एकेक जण आहे आणि आठवड्याआड भूमिका बदलते. आरडाओरडा झाला, विशेषतः टक्केवारी काढावी लागणाऱ्यांकडून.

याच दिवशी दुसरी एक मोठी चूक टळली. प्रकरणे क्रमाने आडव्या अक्षावर घेऊन त्याला ‘काळ’ असे नाव देण्यात आले होते. थोरो तळ्याकाठी ४ जुलै १८४५ ते ६ सप्टेंबर १८४७ असा राहिला, पण सोयीसाठी दोन वर्षांचा अनुभव एकाच वर्षात घातला आहे, असे तो दुसऱ्या प्रकरणात स्वतः सांगतो. पुस्तक उन्हाळ्यापासून वसंताकडे जाते ते रचनेमुळे, दिनदर्शिकेमुळे नव्हे. अक्षावरचे ‘काळ’ खोडून ‘प्रकरण’ लिहिले.

२ फेब्रुवारी

शब्दमोजणीतून फार काही हाती लागणार नाही हे दिसल्यावर पुस्तकातल्या तारखांकडे वळलो, आणि प्रकल्पाला खरा जीव येथे आला. ‘स्प्रिंग’ या प्रकरणात वॉल्डन तळे बर्फातून पूर्ण मोकळे कधी झाले, याच्या सात तारखा एकाच वाक्यात ओळीने दिलेल्या आहेत: १८४५ मध्ये १ एप्रिल, १८४६ मध्ये २५ मार्च, १८४७ मध्ये ८ एप्रिल, १८५१ मध्ये २८ मार्च, १८५२ मध्ये १८ एप्रिल, १८५३ मध्ये २३ मार्च आणि १८५४ मध्ये सुमारे ७ एप्रिल.

सात ओळी भरायला पाच मिनिटे लागावीत. पूर्ण तास गेला. एक्सेलची दिनगणना १ जानेवारी १९०० पासून सुरू होते. त्याआधीची तारीख लिहिली की ती तारीख म्हणून नव्हे, तर साधा मजकूर म्हणून पडून राहते, आणि वजाबाकी केली की चूक दाखवते. एका जोडीने पुस्तकाप्रमाणे सालाचे शेवटचे दोनच अंक लिहिले, तेव्हा ४६ चे निमूटपणे १९४६ झाले. हे अधिक वाईट, कारण येथे चूक दिसतच नाही. लिबरऑफिस कॅल्क १९०० पूर्वीच्या तारखा नीट हाताळते. पण सर्वांत भरवशाचा उपाय म्हणजे साल, महिना आणि दिवस असे तीन वेगळे रकाने करणे. तेच केले.

तारखांची सरासरी काढायची, तर प्रत्येक तारखेला वर्षातला कितवा दिवस हे लागते. १८५२ हे लीप वर्ष आहे. १ जानेवारीपासून मोजले, तर त्या वर्षीचा १८ एप्रिल १०९ वा येतो, इतर वर्षी १०८ वा. म्हणून मोजणी १ मार्चपासून सुरू केली, म्हणजे २९ फेब्रुवारीचा संबंधच उरत नाही. त्या मोजणीने दिवस असे येतात: ३२, २५, ३९, २८, ४९, २३, ३८. सरासरी ३३.४, म्हणजे २ आणि ३ एप्रिलच्या दरम्यान. मध्यक, म्हणजे चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा, ३२, म्हणजे बरोबर १ एप्रिल.

मध्यक फळ्यावर लिहिला, तेव्हा मागच्या बाकावरून पुस्तकाचे पान वर झाले. तारखांच्या थोडे आधी थोरो म्हणतो की हे तळे साधारणपणे १ एप्रिलच्या सुमारास मोकळे होते, जवळच्या फ्लिंट्स पॉन्ड आणि फेअर हेवनपेक्षा आठवडा ते दहा दिवस उशिरा. आम्ही काढलेले उत्तर लेखकाने आधीच देऊन ठेवले होते.

५ फेब्रुवारी

“मॅडम, हे ‘सुमारे’ कुठल्या रकान्यात टाकू?”

हा प्रश्न एका विद्यार्थ्याने विचारला आणि मला वाटते, या प्रकल्पात विचारला गेलेला तोच सर्वांत उपयोगाचा प्रश्न. सातपैकी सहा तारखा थोरोने निःशंकपणे दिल्या आहेत. १८५४ च्या तारखेला मात्र ‘सुमारे’ जोडले आहे. तक्त्यात ७ एप्रिल हा इतरांसारखाच ठाम दिसत होता. वाक्यातून आकडा काढला की त्याच्या अंगावरचे असे शब्द गळून पडतात आणि मग उरलेला आकडा वाजवीपेक्षा अधिक खात्रीचा वाटतो.

म्हणून आज दोन रकाने वाढवले. एकात नेमकेपणा: ‘नेमकी’ किंवा ‘सुमारे’. दुसऱ्यात मूळ वाक्य, जसेच्या तसे, प्रकरणाच्या नावासह. दुसऱ्या रकान्याला विरोध झाला. तक्ता त्यामुळे बेढब होतो, छापताना पानावर मावत नाही, आणि एकच वाक्य सात ओळींत सात वेळा चिकटवणे हास्यास्पद दिसते. तरीही तो ठेवला.

त्या रकान्याने लगेच एक गोष्ट दिली. पुस्तक ९ ऑगस्ट १८५४ ला प्रसिद्ध झाले. म्हणजे त्याच वर्षीच्या एप्रिलमधली तारीख या वाक्यात असेल, तर वाक्याचा तो तुकडा त्या चार महिन्यांतच केव्हातरी लिहिलेला असणार. पुस्तकाचे लेखन आठ वर्षांत अनेक खर्ड्यांमधून झाले, हे साहित्याच्या गटाने वाचलेले होते. आता त्यातला एक शेवटचा टाका कुठे घातला आहे ते तक्त्याच्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवून दाखवता आले.

९ फेब्रुवारी

अपेक्षेप्रमाणे कोणीतरी प्रवृत्तीरेषा काढलीच. सात बिंदूंतून जाणारी रेषा सांगते की तळे दरवर्षी ०.४६ दिवस उशिरा मोकळे होत होते. ‘१८५० च्या दशकात हवामान थंड होत होते’ असे वाक्य अहवालाच्या मसुद्यात आलेही होते.

ते वाक्य रागावून खोडण्याऐवजी १८५२ ची ओळ झाकून तोच हिशेब पुन्हा करायला सांगितला. उतार −०.०६ झाला, म्हणजे दिशाच उलटली. एक ओळ काढल्याने दिशा उलटते, ती रेषा बोलण्यासारखी नाही, हे मग कोणाला समजावून सांगावे लागले नाही. सात बिंदूंचे प्रमाण विचलन, म्हणजे तारखा सरासरीपासून साधारण किती दूर पडतात ते, ९.२ दिवस आहे, सर्वांत लवकरच्या आणि सर्वांत उशिराच्या तारखेत २६ दिवसांचे अंतर आहे, आणि रेषेने स्पष्ट होणारा फरक जेमतेम ३ टक्के आहे. शिवाय १८४८ ते १८५० ही वर्षे यादीत नाहीतच. या तारखा त्या काळाची सर्वसाधारण पातळी दाखवू शकतात, कल नव्हे. अहवालात सरासरी, मध्यक आणि विस्तार एवढेच राहिले.

१६ फेब्रुवारी

नंतरच्या काळातील नोंदींशी तुलना. येथे वेळ सर्वांत जास्त गेला आणि त्याचे कारण व्याख्या.

थोरोची अट ‘पूर्ण मोकळे’ अशी आहे. न्यू हॅम्पशायरमधील विनिपेसॉकी सरोवराच्या बाबतीत मात्र ‘माउंट वॉशिंग्टन’ ही प्रवासी बोट तिच्या सर्व धक्क्यांपर्यंत जाऊ शकेल, तेव्हा बर्फ गेले असे जाहीर होते. अलास्कात नेनाना येथे १९१७ पासून तनाना नदीच्या बर्फावर लाकडी खांबांची तिवई उभी करतात. बर्फ फुटून ती सरकली आणि तिला जोडलेले घड्याळ थांबले की ती वेळ धरतात, आणि त्यावर लोक पैजाही लावतात. तिन्ही ठिकाणच्या तारखा ‘बर्फ फुटण्याची तारीख’ या एकाच मथळ्याखाली एका जोडीने गोळा केल्या होत्या. बोटीला वाट मिळाली म्हणजे खाडीच्या कोपऱ्यातले बर्फ गेले असे नव्हे. म्हणून ‘व्याख्या’ हा आणखी एक रकाना आला आणि व्याख्या जुळत नसेल, तर थेट वजाबाकी करायची नाही असे ठरले. एकाच ठिकाणच्या, एकाच व्याख्येच्या नोंदींत काळानुसार किती बदल झाला तेवढेच पाहायचे.

यासाठी दोन प्रसिद्ध अभ्यास वर्गात वाचले. हॉजकिन्स आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये न्यू इंग्लंडमधील २९ सरोवरांच्या १८५० ते २००० या काळातील नोंदी तपासल्या. बर्फ फुटण्याची तारीख उत्तरेकडील आणि डोंगराळ भागात ९ दिवसांनी, दक्षिणेकडील भागात १६ दिवसांनी आधी आल्याचे त्यांना आढळले. ९ दिवस हा आकडा आमच्या सात बिंदूंच्या प्रमाण विचलनाएवढाच आहे, म्हणजे असा बदल टिपायला सात वर्षे कधीच पुरली नसती. दुसरा अभ्यास मिलर-रशिंग आणि प्रायमॅक यांचा, २००८ चा, थेट कॉनकॉर्डमधला: थोरोच्या १८५२ ते १८५८ मधील फुलोऱ्याच्या नोंदी, तेथल्याच हौशी वनस्पतिनिरीक्षक अल्फ्रेड हॉस्मरच्या १८७८ आणि १८८८ ते १९०२ मधील नोंदी आणि संशोधकांची स्वतःची २००४ ते २००६ मधली निरीक्षणे. नेहमीच्या ४३ जातींमध्ये फुलोरा सरासरी ७ दिवस लवकर येऊ लागला आहे, आणि त्या काळात तेथील तापमान २.४ अंश सेल्सिअसने वाढले, त्यात शहरीकरणाचाही वाटा आहे.

साहित्याच्या गटाची थोडी निराशा झाली, कारण त्या फुलोऱ्याच्या तारखा पुस्तकातल्या नव्हेत, थोरोने स्वतंत्रपणे ठेवलेल्या नोंदींतल्या आहेत. मला हे उलट चांगले वाटले. कोणत्या प्रश्नाला पुस्तक पुरते आणि कोणत्या प्रश्नाला वही उघडावी लागते, हा भेद त्यांना यातून कळला.

२० फेब्रुवारी

तापमानाचे रूपांतर. ६ मार्च १८४७ ला थोरोने वॉल्डनच्या मध्यभागी ३२ अंश, काठाजवळ ३३, फ्लिंट्स पॉन्डच्या मध्यभागी ३२.५ आणि तेथेच उथळ पाण्यात, फूटभर बर्फाखाली, ३६ अंश फॅरेनहाइट मोजले. सेल्सिअसमध्ये हे ०, ०.६, ०.३ आणि २.२ होतात. गोंधळ झाला तो फरकाच्या बाबतीत. फ्लिंट्स पॉन्डमधील खोल आणि उथळ पाण्यात साडेतीन अंशांचा फरक आहे असे तो लिहितो. एका तक्त्यात या फरकालाही ३२ वजा करण्याचे सूत्र लावले गेले आणि उत्तर उणे १५.८ आले. फरकाला फक्त पाच नवमांशाने गुणायचे असते, उत्तर १.९.

२३ फेब्रुवारी

मराठी मजकुरावर हाच प्रयोग करू पाहणाऱ्या जोडीला आज वेगळा वेळ दिला. त्यांच्याकडे ऋतुवर्णनाचे काही टंकलिखित उतारे होते आणि त्यांच्या शब्दयादीत ‘ऊस’ फार वर होता. उताऱ्यांत शेतीचा मागमूस नव्हता.

पायथन या संगणकभाषेच्या नेहमीच्या ‘आरई’ मॉड्यूलमध्ये शब्द ओळखण्याची जी खूण सर्रास वापरतात, ती काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार आणि हलन्त यांना अक्षर मानत नाही आणि तेथे शब्द तोडते. ‘पाऊस’मधला काना वगळला की ‘प’ वेगळा पडतो आणि मागे ‘ऊस’ राहतो. ‘रेजेक्स’ हे दुसरे मॉड्यूल वापरले किंवा नुसत्या मोकळ्या जागा आणि विरामचिन्हे यांवर तोडले, तरी हे टळते.

पुढची अडचण ‘वाऱ्या’ची. ‘वाऱ्याने’ हा शब्द संगणकात दोन रीतींनी साठवला जातो: एकात खालच्या टिंबाचा ऱ आणि हलन्त, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि एक न दिसणारे जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, मोजताना दोन वेगळे शब्द होतात, आणि युनिकोडचे ठरावीक सामान्यीकरण त्यांना एकत्र आणत नाही. मोजण्यापूर्वी एक रूप दुसऱ्यात बदलून घ्यावे लागते. विभक्तीच्या प्रत्ययांसाठी मूळ रूप आणि सामान्यरूप असे दोन्ही शोधावे लागतात. पण ‘पावसा’ने सुरू होणारे सगळे घेतले की ‘पावसाळा’ही येतो. तो घ्यायचा की नाही हे संशोधन प्रश्नावर ठरते, आणि काय ठरले ते लिहून ठेवायचे.

१ मार्च

तळे गोठण्याच्या तारखा ‘हाउस-वॉर्मिंग’ प्रकरणात आहेत: १८४५ मध्ये २२ डिसेंबरची रात्र, १८४६ मध्ये १६ डिसेंबर, १८४९ मध्ये सुमारे ३१ डिसेंबर, १८५० मध्ये सुमारे २७ डिसेंबर, ‘५२ मध्ये ५ जानेवारी आणि १८५३ मध्ये ३१ डिसेंबर. गोठणे आणि मोकळे होणे या दोन याद्या जोडल्या की तळ्यावर बर्फ किती दिवस होते ते मिळावे.

सालाचा रकाना जुळवून याद्या जोडल्या, तेव्हा १८४५, १८४६, १८५२ आणि १८५३ या चार ओळी मिळाल्या आणि त्यांपैकी तिघांत बर्फाचा काळ उणे आला. साहजिकच आहे: १८४५ च्या एप्रिलमध्ये वितळलेले बर्फ त्याच वर्षीच्या डिसेंबरात गोठलेले नसते. दोन सालांत पसरलेल्या ऋतूला एक साल चिकटवले की असे होते. ‘हिवाळा १८४५–४६’ अशी खूण देऊन याद्या पुन्हा जोडल्या, तेव्हा पाच जोड्या जुळल्या: १८४५–४६ मध्ये ९३ दिवस, १८४६–४७ मध्ये ११३, १८५०–५१ मध्ये ९१, १८५१–५२ मध्ये १०४ आणि १८५३–५४ मध्ये ९७.

पण वितळण्याच्या तारखेतून गोठण्याची तारीख वजा करणे म्हणजे मधल्या काळात बर्फ अखंड होते असे धरून चालणे, ही शंका संख्याशास्त्राच्या एका मुलीने काढली. तिचे उत्तर पुस्तकातच आहे: हिवाळ्याच्या मध्येच हे तळे मोकळे झालेले आपण कधी पाहिले नाही, १८५२–५३ च्या हिवाळ्यातही नाही, असे थोरो लिहितो. त्या हिवाळ्याने आसपासच्या तळ्यांची कठोर परीक्षा पाहिली होती. हे वाक्य नसते, तर आमच्या वजाबाकीला आधार नव्हता. ते आता सर्व जोड्यांच्या ओळींत शेजारच्या रकान्यात आहे.

८ मार्च

‘५२ मधल्या ५ जानेवारीवर वर्गाचे दोन तट पडले आणि वादाला मी मुद्दामच वेळ दिला. सरळ वाचले, तर ती १८५२ ची जानेवारी, म्हणजे १८५१–५२ चा हिवाळा. तक्त्यात तसेच घेतले होते. साहित्याच्या एका विद्यार्थ्याचे म्हणणे वेगळे होते. यादीतल्या इतर सर्व तारखा डिसेंबरातल्या आहेत, म्हणजे तेथे साल आणि हिवाळ्याची सुरुवात एकच आहे. लेखक हिवाळ्यांची यादी करीत असेल, तर ‘५२’ हे १८५२ मध्ये सुरू झालेल्या हिवाळ्याचे नाव असू शकते आणि मग ती जानेवारी १८५३ ची ठरते. त्याने आधाराला १८५२–५३ च्या हिवाळ्याविषयीचे तेच वाक्य आणि १८५३ मधली २३ मार्च ही सर्वांत लवकरची तारीख दिली: उशिरा गोठणे आणि लवकर वितळणे एकाच सौम्य हिवाळ्यात शोभते. त्या वाचनाने १०४ दिवसांची जोडी मोडते आणि १८५२–५३ साठी ७७ दिवसांची नवी जोडी तयार होते.

सरासरीत काय फरक पडतो तेही लगेच काढले: पहिल्या वाचनाने पाच हिवाळ्यांची सरासरी ९९.६ दिवस, दुसऱ्याने ९४.२. एका वाक्याच्या वाचनाने पाच दिवसांचा फरक. ‘सुमारे’ असलेल्या दोन जोड्या आणि वादातली ही एक वगळली, तर पूर्ण खात्रीच्या जोड्या दोनच राहतात, आणि अहवालात हे आरंभीच लिहायला लावले आहे.

मत विचारले, तर सरळ वाचनाकडे माझा कल आहे. मजकुरात जे छापले आहे ते सोडायला याहून भक्कम पुरावा हवा. दुसऱ्या बाजूची मांडणी मात्र अधिक चांगली होती आणि गुण तिला जास्त दिले.

१५ मार्च

फाइल बंद केली. अंतिम तक्त्यातले रकाने असे आहेत: हिवाळा, घटना, साल, महिना, दिवस, मोजणीचा दिवस, नेमकेपणा, व्याख्या, प्रकरण आणि मूळ वाक्य. मोकळे होण्याच्या तारखा १ मार्चपासून आणि गोठण्याच्या १ डिसेंबरपासून मोजल्या आहेत. नेमकेपणाच्या रकान्यात ‘नेमकी’, ‘सुमारे’ आणि ‘दोन वाचने’ हे तीनच पर्याय आहेत. कोणालाही चौथा तयार करू दिलेला नाही, नाहीतर छाननीच करता येत नाही. गुणांपैकी निम्मे तक्त्याला आणि निम्मे त्यावरील लेखनाला ठेवले होते. पुढे तोंडी परीक्षेत तक्त्यातली कोणतीही एक ओळ दाखवून तिच्यामागचे वाक्य समजावून सांगायला लावावे, असे वाटते. ज्यांनी ते वाक्य कधी वाचलेच नाही ते तेथे लगेच उघडे पडतात.

‘५२ ची ओळ दोन्ही वाचनांसह पिवळ्या रंगात ठेवली आहे. थोरोची दैनंदिनी १९०६ मध्ये १४ खंडांत छापली गेली आणि ती खुली उपलब्ध आहे. तिच्यातली १८५२ आणि १८५३ या दोन्ही वर्षांच्या जानेवारीची पाने उघडून ही ओळ पक्की करणे, हे पुढच्या तुकडीचे पहिले काम राहील. उत्तर या नोंदींत मुद्दाम लिहीत नाही, कारण त्या तुकडीतली मुले प्रकल्प सुरू करण्यापूर्वी ही फाइल वाचणार आहेत.